गुलाबी रंगाचा हिशेब

२०२० च्या नोव्हेंबरात वरळी आणि हाजीअलीच्या खडपांवरून प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन बसवण्यात आल्या. त्यांतल्या काही कुलाब्याला, नेव्हीनगरच्या किनाऱ्यावर गेल्या. काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली झालं, आणि पाठवणी करणारी मुंबई महानगरपालिका होती. कोस्टल रोडचा भराव त्या खडपांवर पडणार होता. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीत बसतं. त्यामुळे दगडगोट्यांसारखं त्याला गाडून टाकता येईना. परवानग्या निघाल्या, अर्जफाटे झाले, वर्तमानपत्रांत फोटो आले. मुंबईच्या गढूळ समुद्रात प्रवाळ आहे, ही गोष्ट वरळी सी-फेसवर रोज फेऱ्या मारणाऱ्या पुष्कळांना त्या बातम्यांमुळेच कळली.

त्याच खडपांवर, त्याच प्रवाळांच्या शेजारी, एक गुलाबी-जांभळट थर असतो. दगडाला कुणी रंग फासून ठेवावा इतका पातळ. नखाने खरवडलं तर सहज निघत नाही. त्याची मोजणी झाली नाही, पाठवणी झाली नाही. भराव पडला तिथे तो भरावाखाली गेला. कायद्याच्या परिशिष्टात त्याचं नाव नाही, तेव्हा कुणाचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण प्रवाळाचं पिल्लू, म्हणजे पाण्यात तरंगणारी त्याची सूक्ष्म अळी, बसायला जागा शोधते तेव्हा बऱ्याचदा ती याच थराचा वास घेत येते. बऱ्याच जातींच्या अळ्या कोऱ्या दगडापेक्षा हा थर असलेला दगड पसंत करतात, हे प्रयोगशाळांतून पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. थराच्या पृष्ठभागावर राहणारे काही जीवाणू जी रसायनं सोडतात, त्यांचाही त्यात हात असतो.

हा थर म्हणजे कोरलाइन शैवाल. घरात समुद्री टाकी, म्हणजे रीफ टँक, ठेवणाऱ्यांच्या बोलण्यात नुसतं ‘कोरलाइन’. आणि या लेखाचा विषय असा की वरळीतल्या तिसाव्या मजल्यावर दोनशे लिटर खाऱ्या पाण्यात हाच थर वाढवण्यासाठी माणसं महिनोन्‌महिने झटत असतात, खिडकीतून खाली पाहिलं तर ओहोटीच्या वेळी तो फुकट पसरलेला असतो, आणि तरीही खालचा उचलून वर आणायचा नसतो.

खालचा आधी पाहून घेऊ. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे चढते. मग ओहोटी उरते ती पहाटेची आणि दिवेलागणीची. दिवाळी पडते अमावास्येला. म्हणजे नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून, फराळाला बसायच्या आधी कुणी वरळी कोळीवाड्याच्या टोकाला, किल्ल्याखालच्या खडकांकडे गेलं, तर उधाणाची ओहोटी त्याची वाटच पाहत असते. पाणी दूर गेलेलं, काळा बसाल्ट उघडा पडलेला, वरच्या भागात कालवांची धारदार टरफलं, आणि खाली, जिथे खळग्यांत पाणी साचून राहतं, तिथे कडेकडेने गुलाबी. उन्हात उघडा पडणारा थर फिका, कधी पांढराफटक. पाण्याखालचा आणि कपारीच्या सावलीतला गर्द. त्यावर शंखगोगलगायी रेंगाळत असतात. त्या या थरावर उगवणारं हिरवं शेवाळ खरवडून खातात, आणि हे काम त्या इमानेइतबारे करतात म्हणून गुलाबी रंग दिसतो. खाणारं कुणी नसेल तर आठवड्याभरात हिरवं-तपकिरी शेवाळ त्याला झाकून टाकेल. ही गोष्ट लक्षात ठेवावी, टाकीपाशी पुन्हा लागणार आहे.

‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने २०१७ पासून अशा ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन हे जग दाखवायला सुरुवात केली. प्रदीप पाताडे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्या कितीतरी आधी, १९२७-२८ च्या हिवाळ्यात, बॉर्गेसेन नावाचे डॅनिश शैवालतज्ज्ञ मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरून समुद्री शैवालं गोळा करत हिंडले होते आणि इथल्या तांबड्या शैवालांवरचे त्यांचे लेख लंडनच्या क्यू उद्यानाच्या पत्रिकेत छापून आले. कोरलाइन ही तांबड्या शैवालांचीच शाखा. मात्र ती शैवालं आहेत हे ठरायलाही बराच काळ गेला. लिनेयसने १७५८ मध्ये त्यांना प्राण्यांत घातलं होतं. ती वनस्पती आहे हे १८३७ मध्ये फिलिपी या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. चूक समजण्यासारखी होती. दगडासारखी कडक, चुन्याने भरलेली, न हलणारी वस्तू पाहून कुणाला शेवाळ आठवेल?

तिचा कडकपणा येतो कॅल्शियम कार्बोनेटमधून, म्हणजे चुनखडीतून. प्रत्येक पेशीच्या भिंतीत ही शैवालं चुनखडी भरतात आणि तिच्यात मॅग्नेशियम भरपूर मिसळतात. अशी मॅग्नेशियमयुक्त चुनखडी शिंपल्यांतल्या किंवा प्रवाळातल्या चुनखडीपेक्षाही पाण्यात लवकर विरघळते. टाकीतल्या यशापयशाचं निम्मं कारण या एका वाक्यात आहे.

आता वर जाऊ. वरळीत ज्या पट्ट्यात कधी गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि त्यांतल्या दिवाणखान्यांत अधूनमधून निळसर दिव्याखाली एखादी रीफ टँक दिसते. मी जी जवळून पाहिली ती ओळखीच्या घरातली, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. समोरची काच स्वच्छ पुसलेली. खडक मात्र बरेचसे अजून सिमेंटच्या रंगाचे. गुलाबी रंग कुठे आला होता म्हणाल, तर पंपाच्या काळ्या प्लॅस्टिकवर, पाणी खाली सोडणाऱ्या जाळीच्या दातांवर, आणि मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढ्या ठिपक्यांच्या रूपाने. म्हणजे जिथे नको तिथे आधी, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप त्या खडकावर सगळ्यांत शेवटी. हे बहुतेक टाक्यांत असंच होतं. पंपापाशी पाण्याचा ओघ जोरदार असतो आणि प्लॅस्टिक गुळगुळीत, स्वच्छ असतं. नवा खडक मात्र सच्छिद्र असतो, त्यातून सुरुवातीचे महिने फॉस्फेट पाझरू शकतं, आणि त्यावर तपकिरी-हिरव्या शेवाळाने आधीच बस्तान बसवलेलं असतं.

नव्या टाकीचा पहिला काळ ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून पटत नाही. खारं पाणी भरलं, खडक रचले, जीवाणूंची घडी बसली, अमोनिया खाली आला, आणि आता सुंदर होणार म्हणता म्हणता सगळ्यावर तपकिरी लेप चढतो. मग हिरवे केस. मग कधी लालसर, बुडबुड्यांनी भरलेली चिकट साय. घरचे विचारू लागतात की एवढा पैसा घालून गटार का पाळलं? याच सुमारास माणूस दुकानात जातो आणि ‘कोरलाइन वाढवणारी’ बाटली विकत घेतो. बाटलीत काय असतं? कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम, कधी स्ट्रॉन्शियम, बायकार्बोनेट. वाईट काही नाही. पण टाकीत यातली कुठली गोष्ट कमी आहे, किती कमी आहे, आणि रोज किती खर्च होते हे ठाऊक नसताना ती ओतणं म्हणजे पासबुक न उघडता खात्यात पैसे भरणं.

पासबुक उघडून बघू. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२८० ते १३०० च्या घरात, आणि अल्कलिनिटी, म्हणजे बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा, सुमारे साडेसहा-सात डीकेएच, म्हणजे अंश. टाकीवाले अल्कलिनिटी जरा वर, ८ ते ९ वर, ठेवतात. क्षारता १.०२५ ते १.०२६ विशिष्ट गुरुत्व, तापमान २५ ते २७ अंश. हे आकडे कुठल्याही टाकीवाल्याला पाठ असतात. कमी लोक करतात ते पुढचं गणित.

समजा २०० लिटर पाणी आहे आणि त्यातली अल्कलिनिटी दिवसाला अर्धा अंश घटते. तेवढी भरून काढायला खाण्याचा सोडा लागतो अवघा ३ ग्रॅम. आता कॅल्शियम पाहा. चुनखडी बनताना दोन्ही गोष्टी ठरावीक प्रमाणातच खर्च होतात, त्यामुळे त्याच दिवशी कॅल्शियम घटतं लिटरमागे साधारण साडेतीन मिलिग्रॅम. चारशेवीसातून साडेतीन गेले, तर टेस्ट किटला त्याचा पत्ताही लागत नाही. आठातून अर्धा गेला, तर मात्र सहा टक्के गेले. आठवडाभर दुर्लक्ष झालं तर कॅल्शियम अजून ठीकच दिसेल आणि अल्कलिनिटी साडेचारवर येऊन कोरलाइन पांढरं पडायला लागलेलं असेल. म्हणून रोज तपासायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम आठवड्याने, मॅग्नेशियम महिन्याने पाहिलं तरी चालतं. मॅग्नेशियम फार घसरू द्यायचं नाही, एवढं मात्र खरं; ते पाण्यातल्या कॅल्शियम-कार्बोनेटला आपापसांत जुळून हीटरवर आणि पंपात दगड होऊन बसण्यापासून अडवतं.

तपासणी सोपी आहे. लहानशा नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात किटमधला द्रव थेंब थेंब सोडायचा, प्रत्येक थेंबानंतर हलवायचं. सुरुवातीला निळं. मग एका थेंबाला निळं अचानक पिवळं होतं. जितके थेंब तितके अंश. साध्या किटमध्ये एक थेंब म्हणजे पूर्ण एक अंश, त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरक कळावा म्हणून पाणी दुप्पट, दहा मिलिलिटर घ्यायचं आणि थेंबांची संख्या निम्मी करायची. ही युक्ती महागड्या डिजिटल यंत्राचे पैसे वाचवते. ओळखीच्या घरात टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक वहीचं पान चिकटवलेलं होतं: तारीख, आकडा, किती सोडा, किती चुन्याची निवळी. मला टाकीपेक्षा त्या पानाचं जास्त कौतुक वाटलं. त्यात दोन ठिकाणी आकडे आठवडाभर गायब होते, आणि मागच्या काचेवरच्या वाढीत त्या आठवड्यांच्या खुणा शोधल्या असत्या तर सापडल्याही असत्या.

हे मी उगाच म्हणत नाही. आर्क्टिकच्या थंड समुद्रात क्लॅथ्रोमॉर्फम नावाचं कोरलाइन शैवाल दरवर्षी एक थर चढवतं आणि शेकडो वर्षं जगतं. हाफर, एडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याच्या थरांची रुंदी आणि त्यातलं मॅग्नेशियम वाचून तिथल्या समुद्री बर्फाची ६४६ वर्षांची नोंद मांडली. बर्फ जास्त काळ टिकला की खाली उजेड कमी, वाढ कमी, थर अरुंद. यातल्या वॉल्टर एडींची आणखी एक ओळख टाकीवाल्यांनी ठेवायला हवी. आयुष्यभर कोरलाइन शैवालांचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९८० च्या सुमारास प्रवाळ-परिसंस्था बंद टाकीत जगवून दाखवली. त्यांचा पिंड मत्स्यालयवाल्याचा नव्हता, शैवालवाल्याचा होता. माझ्या मते ते जमण्याचं तेही एक कारण असावं.

आता निवळी. शाळेत विज्ञानाच्या तासाला चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग सगळ्यांनीच केला आहे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड निवळीतल्या कॅल्शियमशी जुळून चुनखडी होतो. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी हीच निवळी समुद्री टाकीत वापरायला सुरुवात केली आणि ती युरोपभर पसरली. विरलेला चुना लिटरभर शुद्ध पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतो. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. एका लिटर निवळीत इतकं बळ असतं की वरच्या उदाहरणातला सगळा दिवसाचा खर्च, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही, एका लिटरच्या आतच भागतो. आणि तेवढ्या टाकीतून मुंबईच्या हवेत पंख्याखाली रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातंच. ते भरून काढायचं गोडं पाणी लागतंच, त्याच्या काही भागाऐवजी निवळी सोडायची. एका कामात दोन कामं.

पण सांभाळून. निवळीचा सामू बाराच्या वर असतो, ती एकदम ओतली तर मासे दगावतात. रात्री, दिवे बंद असताना, थेंब थेंब सोडायची, कारण रात्री शैवालांचं प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि टाकीचा सामू आपोआप घसरतो, ते घसरणं निवळीने अडतं. पानाचा चुना वापरावा का, असा प्रश्न हमखास येतो. वापरू नये. त्यात काय मिसळलेलं आहे याचा भरवसा नसतो. प्रयोगशाळेच्या किंवा खाद्यपदार्थांच्या दर्जाचा चुना मिळतो, तो घ्यावा. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, डोळ्यात गेला तर फार वाईट.

मुंबईच्या घराची एक खास अडचण इथेच येते, आणि ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. पाणी इथे तसं अडचणीचं नाही. शहराला मिळणारं तलावांचं पाणी मऊ असतं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं तर गोष्ट वेगळी, पण टाकीवाला आरओ आणि डीआय गाळणी बसवतोच. वीजही वरळीत बेस्टची, क्वचितच जाते. अडचण आहे एसीची. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. मे महिन्यात, किंवा पावसाळ्यात खिडक्या बंद असताना, चार माणसं एका खोलीत बसली की तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात हजार भागांच्या वर सहज जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. टाकीचं पाणी खोलीतलीच हवा पितं. अल्कलिनिटी बरोबर, कॅल्शियम बरोबर, तरीही सामू ८.२ वर न राहता ७.८-७.९ वर येऊन बसतो, आणि कोरलाइन रेंगाळतं. टाकीवाले वैतागतात, सोडा वाढवत जातात, तरी तो वर येत नाही, कारण दुखणं पाण्यात नाही, हवेत आहे. उपाय साधा आहे: फेसातून पाणी साफ करणाऱ्या प्रोटीन स्किमरची हवा घेणारी नळी खिडकीबाहेर सोडायची, किंवा दिवसातून दोनदा खिडक्या उघडायच्या. काही जण त्या नळीवर कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमचा डबा बसवतात.

पण जरा थांबून पाहा. औद्योगिक क्रांतीआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ च्या जवळ होता. आता तो ८.१ च्या खाली सरकू लागला आहे, आणि कोळसा-तेल असंच जाळत राहिलो तर शतकाअखेर तो ७.८ च्या आसपास जाईल असा अंदाज आहे. म्हणजे बंद एसीच्या खोलीतली टाकी २१०० सालचा समुद्र आज दाखवते. आणि तिथे सर्वांत आधी कुरकुरतं ते कोरलाइन, कारण त्याची मॅग्नेशियमयुक्त चुनखडी विरघळायला सगळ्यांत सोपी. टाकीत आपण नळी खिडकीबाहेर काढू शकतो. लक्षद्वीपच्या कंकणाकृती बेटांच्या समुद्राकडच्या कडेला, जिथे लाटा अखंड आपटतात, तिथल्या प्रवाळभित्तीचा माथा धरून ठेवण्यात अशाच कोरलाइनचा वाटा असतो. त्याला नळी लावायला बाहेर कुठलीच हवा नाही.

बियाण्याकडे येऊ, कारण आकडे सगळे जुळले तरी बीज नसेल तर काहीच उगवणार नाही. कोरडा, भट्टीत भाजलेला किंवा सिमेंटचा खडक पूर्ण निर्जीव असतो. परदेशात पूर्वी यासाठी समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ वापरत. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत लिहून ठेवली होती, तेव्हापासून. भारतात हा मार्ग बंद आहे, कारण असा खडक म्हणजे मुख्यतः प्रवाळाचा सांगाडा. भारतीय समुद्रातून काढलेलं प्रवाळ, जिवंत किंवा मेलेलं, विकणं-घेणं-बाळगणं गुन्हा आहे, आणि पहिल्या परिशिष्टातल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद. काही शंखांनाही संरक्षण आहे, तेव्हा गोगलगाय घेतानाही जात विचारून घ्यावी. बाहेरून आयात केलेल्या कोरलला परवाने लागतात. कागद न दाखवणाऱ्या दुकानदाराकडून घेऊच नये.

मग बीज येतं कुठून? दुसऱ्याच्या टाकीतून. जुन्या टाकीतला तळहाताएवढा गुलाबी सिमेंटचा तुकडा, किंवा कवचावर गुलाबी चढलेली गोगलगाय, हे विरजण. ते नव्या टाकीत टाकायचं आणि ज्या घरात ते चांगलं लागलं आहे तिथूनच मागून आणायचं. कोरलाइनच्या अंगावर बारीक फोडांसारख्या खोल्या असतात, त्यांतून बीजाणू पाण्यात सुटतात आणि ओघाबरोबर फिरत जागा धरतात. प्लॅस्टिकच्या पातीने मागची काच खरवडून तो भुगा पाण्यातच राहू द्यावा, असंही करतात, आणि त्याचा उपयोग होतो. वरळीच्या खडपावरचा गुलाबी दगड मात्र आणू नये. एक तर त्यावर पहिल्या परिशिष्टातलं नखाएवढं प्रवाळ चिकटलेलं असू शकतं आणि ते आपल्याला ओळखताही येणार नाही. दुसरं, भरती-ओहोटीतला पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो. आणि तिसरं असं की तो दगड शहराचं सांडपाणी, पावसाळ्यातलं गोडं पाणी आणि वर्षभराचा गाळ सोसून तिथे जगायला शिकलेला आहे. त्याच्याबरोबर काय काय घरात येईल याचा नेम नाही. त्याला तिथेच असू द्यावं. तसंही वरळीचं प्रवाळ हे टाकीतल्या पाहुण्या कोरलपेक्षा कितीतरी कणखर आहे. वरळीच्या पाण्याची एक बादली टाकीत ओतली तर टाकीतलं निम्मं जग आजारी पडेल.

उजेडाबद्दल दुकानात बराच गोंधळ असतो. कोरलाइनला फार उजेड लागतो असं नाही. १९८४ मध्ये बहामाजवळ मार्क आणि डायन लिटलर यांच्या चमूला हे शैवाल २६८ मीटर खोलीवर वाढताना सापडलं, जिथे पृष्ठभागावरच्या उजेडाचा नगण्य अंश पोहोचतो. टाकीत सावलीतल्या जाती आणि उजेडातल्या जाती वेगवेगळ्या असतात. नवा दमदार एलईडी दिवा एका दिवसात पूर्ण ताकदीने लावला की सावलीत वाढलेलं गुलाबी पांढरं पडतं. आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. फॉस्फेट मात्र आवर्जून कमी ठेवावं, लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खाली, कारण ते चुनखडीचे स्फटिक जमायलाच अडथळा करतं. आणि किनाऱ्यावरच्या गोगलगायींचं काम टाकीतही कुणीतरी करायला हवं. समुद्री साळू म्हणजे सागरी अर्चिन हे काम करतात, पण कोरलाइनही खरवडून खातात. खडकावर त्यांच्या पाच दातांच्या चांदण्या उमटतात. एखादा असावा, तीन नसावेत.

टाकीतून क्षणभर बाहेर पडू. कोरलाइनचे जीवाश्म पाहायचे तर समुद्रापाशीच जावं लागतं असं नाही. नागपूर विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या अभ्यासकांनी, प्रा. कुंदल आणि हुमणे यांच्यासारख्यांनी, कच्छच्या खडकांतल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोरलाइन शैवालांचा अभ्यास नागपुरात बसून केला आहे. आणि मुंबईच्या पश्चिमेला, सौराष्ट्रापर्यंत पसरलेल्या ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाच्या सागरतळावर, पन्नास वाव खोलीच्या आसपास, चुनकट शैवालांनी बांधलेले मेलेले खडक पडून आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचे नमुने अभ्यासले. हिमयुग ओसरताना समुद्राची पातळी आजच्याहून बरीच खाली होती, तेव्हा तिथे उथळ, स्वच्छ पाणी होतं. पुढे पाणी चढलं, आणि ती बांधकामं अंधारात गेली.

टाकीवाल्याची कटकट मात्र गुलाबी रंग आल्यावर संपत नाही. दीड-दोन वर्षांनी खडक, काच, पंप, जाळी, सगळं गुलाबी होतं, आणि मग कोरलाइन स्वतःच अल्कलिनिटीचं मोठं गिऱ्हाईक बनतं. सहा महिन्यांपूर्वी ३ ग्रॅम सोड्यात भागत होतं तिथे ८ ग्रॅम लागू लागतात, आणि जुन्याच मापाने घालत राहिलो तर कोरल आणि कोरलाइन दोघंही उपाशी. वहीच्या पानावरचे आकडे त्या वेळी कामाला येतात. पंपाच्या पात्यांवर दगडी थर चढून तो घरघरायला लागला की त्याला रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. सकाळी चुना फेसाळून निघालेला असतो, पंप नवा. समोरची काच आठवड्यातून एकदा, थर कोवळा असतानाच, पातीने साफ करायची. महिना गेला तर हात दुखतात आणि काचेवर ओरखडे उठतात. खरवडलेला भुगा मात्र फेकू नये. कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात किंवा ओळखीत कुणी नवी टाकी लावत असेलच, त्याला टाकीचंच थोडं पाणी घालून पिशवीत द्यावा.